सहा फूट वाळू

पुण्याहून प्रिंटची नळी आली तेव्हा बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या स्टुडिओत सहा फूट कागद पसरायला टेबल नव्हतं. फरशी दोनदा पुसली, धुतलेली चादर अंथरली, हातात सुती मोजे घातले आणि कागद हळूहळू उलगडला. जैसलमेरची वाळू, पहाटेचं ऊन, डावीकडून उजवीकडे पसरत गेलेली टेकडी. मी खूश होतो. बाबा कडेला उकिडवे बसून बघत होते. चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग केलेला माणूस. त्यांची नजर एका जागी थांबली आणि त्यांनी कागदाला न लावता बोट नेलं.

"हितं टेकडी मोडल्या बघ."

खरंच मोडली होती. टेकडीची धार चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या जोडावर अर्ध्या बोटानं खाली सरकली होती आणि पुढं पुन्हा सुरू झाली होती. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पूर्ण चित्र बसवून पाहताना ते मला कधीच दिसलं नव्हतं. सहा फुटांवर दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काहीच दिसेना. तो प्रिंट मी विकला नाही. गुंडाळून पुन्हा नळीत ठेवला, अजून आहे.

आमचा धंदा लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो. वाळवंटाशी संबंध नाही. पण बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ घराच्या कौलाला टेकतं. खानापूरच्या बाजूला गेलं तर जंगल, बाकी सगळीकडे हिरवं आणि जवळ. त्या चार महिन्यांत नजर कुठं लांब जात नाही. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, समोर भिंतीवर वाळवंटाचं मोठं पोस्टर, गाजराच्या हलव्यासारखं केशरी. लोक त्याच्याकडे बघत बसले होते. मला वाटलं, खरी वाळू खऱ्या रंगात, एवढ्याच मोठ्या आकारात कोणीतरी करायला पाहिजे. घराच्या भिंतीला आडवं लांब चित्र हवंच असतं, सोफ्याच्या वर पाच-सहा फूट जागा रिकामी असते आणि तिथं लोक घड्याळ लावतात.

पहिल्या खेपेला जानेवारीत गेलो. बेळगावहून जोधपूर, तिथून पुढं रात्रीच्या गाडीनं जैसलमेर. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर समच्या टेकड्या. संध्याकाळी तिथं उंट, जीप आणि माणसं इतकी की वाळूचा एक हात कोरा मिळत नाही. उंटवाले काका म्हणाले, "रात को हवा चलेगी, सुबह सब साफ." आणि तसंच झालं. पहाटे साडेपाचला, स्वेटरवर स्वेटर घालून गेलो तर कालच्या सगळ्या पावलांवरून वाऱ्यानं हात फिरवला होता. तिकडं सूर्य आपल्यापेक्षा उशिरा येतो, जानेवारीत जवळजवळ साडेसात वाजतात, तेव्हा अंधारात जागा शोधायला वेळ मिळतो. एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकलो: जिथला फोटो काढायचा त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. टेकडीला मागून वळसा घालायचा. एकदा आपलीच पावलं समोर उमटली की त्या दिवशीचं काम संपलं.

बाकीचं मात्र चुकत गेलो. वाळूवरच्या लाटा छान दिसाव्यात म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर लावला, साध्या बॉल हेडवर (ट्रायपॉडवरचा कुठंही वळणारा गोळा), आणि फिरवत फिरवत सात फोटो काढले. घरी येऊन जोडले, पुण्याला पाठवले, आणि बाबांनी बोट ठेवलं.

ती धार का मोडली हे समजायला मला पावसाळा लागला. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवतो तेव्हा तो स्क्रूभोवती फिरतो. पण लेन्स ज्या बिंदूतून जग बघते तो बिंदू स्क्रूच्या बराच पुढं असतो. त्यामुळे कॅमेरा फिरवला की तो बिंदूही जागा बदलतो. लांबच्या वस्तूंना त्याचा काही फरक पडत नाही, पण जवळची वस्तू लांबच्या वस्तूसमोरून सरकते. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग दुसरा डोळा मिटा, अंगठा उडी मारतो, तेच. सॉफ्टवेअरनं सहा फुटांवरच्या वाळूच्या लाटा जुळवल्या, म्हणून मागची टेकडी सरकली. टेकडी जुळवली असती तर लाटा तुटल्या असत्या. दोन्ही एकदम जुळणं शक्यच नव्हतं.

उपाय असा की कॅमेरा मागं सरकवायचा, म्हणजे फिरण्याचा आस बरोबर त्या बिंदूखाली येतो. त्यासाठी आडवी सरकपट्टी लागते. विकत मिळते, पण माझा एक मित्र उद्यमबागेत वर्कशॉप चालवतो. आमच्या गावात लोखंड आणि ॲल्युमिनियम कापणारे हात भरपूर आहेत, बाहेरून कशाला मागवायची? त्यानं ॲल्युमिनियमची पट्टी कापली, मधे खाच पाडली, शेजारी मिलीमीटरच्या खुणा केल्या. खाली फिरण्यासाठी एक गोल चकती लेथवर काढली आणि तिच्या कडेवर चोवीस रेघा कोरल्या. तीनशे साठ भागिले चोवीस, म्हणजे प्रत्येक रेघेला १५ अंश. ती चकती आजही मी वापरतो. अंधारात बोटाच्या नखानं रेघ लागते, टॉर्च लागत नाही.

मग तो बिंदू शोधणं. गच्चीवर वाळवणाच्या दोरीचा लोखंडी खांब आहे, पाच फुटांवर. त्याच्या मागं लांब मोबाईल टॉवर दिसतो. कॅमेरा असा लावला की खांब आणि टॉवर एका रेषेत आले. कॅमेरा डावीकडे फिरवला, खांब टॉवरच्या एका बाजूला गेला. उजवीकडे फिरवला, दुसऱ्या बाजूला. पट्टी पाच मिलीमीटर मागं घेतली, पुन्हा फिरवला. अजून पाच. आई वाळत घातलेले कपडे काढायला आली आणि मी तिला पंधरा मिनिटं थांबवून ठेवली. शेवटी एका खुणेवर कॅमेरा कुठंही फिरवा, खांब टॉवरला सोडेना. दोघं एकमेकांना चिकटून राहिले. त्या खुणेवर मी तांबड्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. ५० मिलीमीटरच्या त्या लेन्ससाठी ती खूण कायमची. लेन्स बदलली की सगळं पहिल्यापासून.

पावसाळा संपल्यावर येळ्ळूरच्या राजहंसगडावर सराव केला. खाली पिकायला आलेलं बासमतीचं भात, लांब बेळगाव. दर रविवारी सात-सात फोटो. कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे उंची जास्त मिळते. ५० मिलीमीटरची लेन्स उभ्या कॅमेऱ्यात आडवी २७ अंश बघते, दर फोटोला १५ अंश पुढं गेलं की जवळजवळ पंचेचाळीस टक्के भाग दोन्ही फोटोंत येतो. सात फोटोंत ११७ अंश. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जोडून झाल्यावर रुंदी साधारण १७,००० पिक्सेल आणि उंची ५,७००, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सहा फूट बाय दोन फुटांवर दर इंचाला २३५ पिक्सेल मिळतात. माणूस हातभर अंतरावर येऊन बघतो तेव्हा तेवढे लागतात. फक्त लांबून बघायचं असतं तर दीडशेवरही चाललं असतं, पण लोक जवळ येतात. चांगला फोटो असला की नाक लावून बघतात, आणि त्यांनी बघावंच.

गडावरच दुसरी चूक कळली. ट्रायपॉड डोळ्यांनी सपाट वाटला तरी सपाट नसतो, आणि फिरणारी चकती जरा जरी कललेली असली तर क्षितिज धनुष्यासारखं वाकतं. शेजारचे गवंडीमामा म्हणाले, "पाणसळ लाव की." खिशात मावणारी गोल पाणसळ घेतली आणि चकतीवर चिकटवली. कॅमेरा नव्हे, त्याच्या खालची चकती सपाट पाहिजे, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीत गेलो आणि सम सोडून खुरीच्या बाजूला राहिलो. तिथं माणसं कमी. पाच दिवसांत अगदी मनासारखं एकच चित्र मिळालं, आणि तेच आज माझं सर्वांत जास्त विकलं जाणारं चित्र आहे.

त्या पहाटेचं सांगतो. ट्रायपॉडच्या पायांखाली प्लायवूडचे तीन चौकोनी तुकडे ठेवले, नाहीतर कॅमेरा फिरवता फिरवता एक पाय वाळूत रुततो आणि पाणसळीतला बुडबुडा हलतो. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे लॉक वाळूपासून वर राहतात. वाळू लॉकमध्ये गेली की ती प्रत्येक वेळी कचकच करून धातू खाते. लेन्स बदलायची नाही, खोलीतूनच लावून निघायची. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर घेतला, त्यामुळे सगळ्यात जवळची वाळू दहा-अकरा फुटांवर राहिली. तोंड उत्तरेकडे. त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या जरा दक्षिणेला उगवतो, म्हणजे ऊन उजवीकडून आणि थोडं मागून येतं, वाळूच्या प्रत्येक लाटेची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. माझी आणि ट्रायपॉडची लांबच लांब सावली डावीकडे चौकटीच्या जेमतेम बाहेर पडत होती. चौकट अजून एक रेघ वाढवली असती तर आत आली असती.

सगळं हाताने ठरवायचं. ऑटो काहीही चालू ठेवलं की प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि आकाशात पट्टे दिसतात. उजवीकडचं आकाश सगळ्यात उजळ, म्हणून तिकडं बघून एक्सपोजर ठरवलं आणि सातही फोटोंना तेच ठेवलं. लेन्सचं छिद्र एफ ११, उजेडाची संवेदना म्हणजे आयएसओ १००. फोकस सात मीटरवर लावून ऑटोफोकस बंद. व्हाइट बॅलन्स एकच. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर, घरी ठेवलेला बरा, कारण एवढ्या रुंद आकाशात तो मधेच एक गडद डाग पाडतो. आणि घाई, कारण सूर्य वर आल्यावर पहिल्या मिनिटांत उजेड सारखा बदलत असतो. नख रेघेवर, क्लिक, पुढची रेघ, क्लिक. सात फोटो वीस सेकंदांत. पुन्हा सात. पुन्हा सात.

चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात एकच झाड होतं. बुंधा वाकडा, फांद्या छाटलेल्या. खेजडी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, तीच ही. राजस्थानचा राज्यवृक्ष. मी ते झाड मुद्दाम घेतलं, कारण नुसत्या वाळूत टेकडी दहा फुटांची आहे की शंभर फुटांची हे कळत नाही. झाड आलं की डोळा मोजतो.

घरी आल्यावर जोडणी हगिन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केली. शेजारशेजारच्या दोन फोटोंतले सारखे बिंदू शोधून ते चित्र जुळवतं. शहराचा किंवा गडाचा फोटो आपोआप जुळतो. वाळू जुळत नाही. सगळ्या लाटा सारख्या, त्यामुळे सॉफ्टवेअर एका लाटेला शेजारची लाट समजतं आणि खात्रीनं चूक करतं. म्हणून आपोआप आलेले वाळूतले बिंदू पुसून टाकले आणि हाताने लावले: गवताचा झुपका, रुईचं रोप, दगड, आणि खूप ठिकाणी उंटाची लेंडी. काळी, बारीक, टोकदार कडेची, शंभर टक्के मोठं करून बघितलं तरी स्पष्ट. दोन रात्री गेल्या. मग पूर्ण चित्र शंभर टक्क्यांवर ठेवून डावीकडून उजवीकडे बोट बोट सरकत तपासलं. आता कुठलाही प्रिंट पाठवण्याआधी हे करतो, आणि शेवटची फेरी बाबा मारतात.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. खुरीची वाळू फिकी आहे, जोंधळ्याच्या पिठात चिमूटभर हळद पडावी तशी. सूर्य उगवताना काही मिनिटं ती तापते आणि पुन्हा फिकी होते. तिला केशरी करणं म्हणजे त्या जागेबद्दल खोटं बोलणं. पहिल्या लॅबनं माझ्या फाइलचं रंगांचं प्रोफाइल न बघता छापलं आणि वाळू गुलाबी आली, पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर दुसरीकडे जायला लागलो आणि आधी नऊ इंची पट्टी छापून मागवतो, सावली, उजेड आणि झाड तिन्ही त्यात येईल अशी. ती पट्टी दुपारी खिडकीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघतो. मग मोठा प्रिंट. कापसाचा जाड मॅट कागद आणि पिगमेंट शाई. फ्लेक्स आणि कॅनव्हास बेळगावात स्वस्तात होतो, पण वाळूचा बारीक पोत त्यावर बसत नाही.

फ्रेमचं काम इथंच करून घेतो, पण त्यासाठी फ्रेमवाल्या अण्णांशी बरंच बोलावं लागलं. त्यांची पद्धत म्हणजे काच थेट फोटोवर आणि मागं हार्डबोर्ड. जैसलमेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा बेळगावात जुलैच्या एखाद्या आठवड्यातही पडून जातो. अशा हवेत काच कागदाला चिकटते आणि सोडवायला गेलं की शाई काचेबरोबर निघते. म्हणून काच आणि कागदामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, मागं आम्ल नसलेला बोर्ड, कडा टेपनं बंद, आणि फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून हवा जाते. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर लावायची असेल तर मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, ती भिंत ओल धरते, दुसरी शोधा. एकदा विक्री गेली तरी चालेल.

मग विक्री. शहरात एका छोट्या हॉलमध्ये तीन दिवस पाच चित्रं मांडली. प्रत्येकाखाली चिठ्ठी: जागा, वेळ, कुठल्या दिशेला बघताना. पहिल्या दिवशी एक इंटिरिअर करणाऱ्या बाई आल्या, खुरीच्या दुसऱ्या एका चित्रावर त्यांचा जीव बसला. पण त्यांच्या गिऱ्हाइकाच्या भिंतीवर खिडकी डावीकडे होती, उजेडही डावीकडूनच यायला हवा होता. "आरशातल्यासारखं उलटं करून द्याल का?" मी हो म्हणालो. पहिली ऑर्डर होती. त्या रात्री फाइल उलटी केली, इथल्याच प्रिंटरकडून नमुन्याचा छोटा प्रिंट काढला आणि दुसऱ्या दिवशी मूळ चित्राशेजारी, तीच चिठ्ठी लावून, तोही टांगला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडोलीहून एक निवृत्त सुभेदार आले. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी असतो, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तर गावातच. काका हात मागं बांधून एकेका चित्रासमोर उभे राहिले. खेजडीच्या चित्रासमोर बराच वेळ.

"हे समचं न्हवं."

"नाही काका, खुरीकडचं."

"वाळू बरोबर हाय. लोक लाल करून ठेवत्यात." मग झाडाकडे बोट करून म्हणाले, "ह्येच्या शेंगांची भाजी करत्यात. सांगरी."

पुढं सरकले, उलट्या नमुन्यासमोर थांबले, चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, पुन्हा चित्र बघितलं.

"सकाळ म्हणून लिवलायस. उत्तरेला तोंड म्हणून लिवलायस. मग ऊन डावीकडनं कसं आलंय?"

मी काही बोलू शकलो नाही. सकाळी उत्तरेला तोंड केलं की सूर्य उजव्या हाताला. नऊ वर्षं वाळूत काढलेल्या माणसाला ते चित्रात बघून कळलं, आणि मी ते चित्र स्वतः काढलेलं असून टांगलं होतं. नमुना तिथल्या तिथं काढून ठेवला. संध्याकाळी त्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऑर्डर रद्द केली. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबरच होतं.

सुभेदार काका तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले आणि खेजडीचं चित्र घेतलं. पंचवीस प्रतींपैकी पहिला क्रमांक, कडेला पेन्सिलीनं सही. फ्रेम झाल्यावर मी स्वतः टेम्पोतून कडोलीला नेली. सोप्यात मुलानं आधीच मधोमध खुणा करून ठेवल्या होत्या, उंच, देवांच्या फोटोंच्या ओळीत. काकांनी त्या मोडल्या. ते दिवसभर लाकडी पलंगावर बसतात, तिथून बघताना क्षितिज डोळ्यांसमोर यावं असं खाली घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, मधोमध नको, उजवीकडे घे.

उजवीकडे घेतली तर भिंतीची डावी बाजू चार फूट मोकळी राहिली. मुलगा म्हणाला, "आबा, बरं दिसत नाही ते."

काका उठले. चित्राच्या डाव्या कडेपाशी गेले, पश्चिमेच्या बाजूला, आणि फ्रेमच्या बाहेर दोन हातांवर कोऱ्या चुन्यावर तळवा टेकला.

"आमची चौकी हितं हुती," म्हणाले. "ही जागा ऱ्हाऊ दे."